प्रॉडक्शन सर्व्हरचा कर्नल बदलायचा की चाललंय ते चालू द्यायचं?

वाघोलीकर (धागाकर्ता), मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मालवाहतुकीच्या एका कंपनीत मी एकुलता एक सिस्टीम ॲडमिन आहे. ११ सर्व्हर आहेत: ९ व्हर्च्युअल, २ लोखंडी (म्हणजे खरीखुरी यंत्रं). सगळ्यांवर आल्मालिनक्स ८ (रेड हॅट लिनक्सचं मोफत भावंड). मागच्या आठवड्यात ऑडिटवाल्यांचा अहवाल आला आणि प्रत्येक मशीनपुढे लाल अक्षरात 'कर्नल जुना' (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). मी छातीठोकपणे सांगितलं, दर महिन्याला अपडेट मारतो म्हणून. मग 'युनेम -आर' (चालू कर्नलचा आकडा दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर खरंच जुना. नवे कर्नल डिस्कवर येऊन बसलेत, पण मशीन रीबूटच केलेलं नाही. डेटाबेसच्या मशीनचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असण्याचा काळ, ६११ दिवस!

मालकांचं म्हणणं, "चाललंय ना? मग कशाला बोट घालतोस?" ऑडिटवाले म्हणतात ३० दिवसांत करा. मला स्वतःला काय वाटतं विचाराल तर भीती वाटते. रात्री गाड्या सुटतात, बिल्टी छापायची थांबली तर गोडाऊनला रांग लागते आणि पहिला फोन मला येतो.

तुम्ही लोक कसं करता? किती दिवसांनी? आणि फसलं तर परत कसे येता?

(कमांडी देवनागरीतच लिहितोय, मोबाइलवर की-बोर्ड बदलायचा कंटाळा आलाय. समजून घ्या.)

शेवग्याची शेंग, १०:२०

शीर्षक वाचून वाटलं फौजेतल्या कर्नलसाहेबांविषयी आहे. त्यांना बढती दिली की ब्रिगेडियर होतात एवढंच माहीत आहे. चालू द्या.

रूटचा_रामा, १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. ६११ म्हणजे काहीच नाही, आमच्याकडे एक प्रिंट सर्व्हर १४०० च्या पुढे आहे. त्याला आम्ही आजोबा म्हणतो.

झणझणीत८५, १०:४४

मालकांचं बरोबर आहे. मशीन आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरून कुणी येत नाही, मग कर्नल बदलून काय मिळणार? २०२२ मधली ती डर्टी पाइप नावाची सुरक्षेची त्रुटी आठवते का? ती भानगड ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होती. जे जुन्यावर बसले होते ते निवांत झोपले, आणि जे नव्याच्या मागे धावले त्यांनी रात्री जागवल्या.

कुंदा_ताई, ११:०२

@झणझणीत८५, आणि डर्टी काऊ ही तशीच त्रुटी? ती २०१६ मध्ये सापडली आणि २००७ पासून कर्नलमध्ये पडून होती. नऊ वर्षं. तेव्हा जुन्यावर बसलेल्यांनाच जागावं लागलं. जुनं म्हणजे सुरक्षित हे गणित निम्म्या वेळा जमतं, आणि कोणत्या निम्म्या वेळा ते आधी कळत नाही. शिवाय 'बाहेरून कुणी येत नाही' हे वाक्य मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांच्याकडे एक तरी लॅपटॉप असा होता की जो घरीही जायचा आणि आतल्या नेटवर्कलाही लागायचा.

वाघोलीकर, तुम्हाला एक गंमत सांगते. तुम्ही रीबूट करून अगदी ताजा कर्नल चढवलात तरी 'युनेम' पहिल्यांदा ४.१८ च दाखवणार. रेड हॅट ८ च्या सगळ्या कुटुंबाचा पायाच ४.१८ आहे, तो मूळ ऑगस्ट २०१८ चा. सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्याच्यातच टाकतात, बदलतो तो पुढचा आकडा. काही स्कॅनर फक्त ४.१८ वाचतात आणि लाल करतात. तेव्हा रीबूट केल्यावर 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल' चं आउटपुट काढून त्यातले सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटींचे) ऑडिटवाल्यांच्या हातात द्या. मी हे भांडण एका बँकेत दोन वर्षं भांडले आहे.

वाघोलीकर, ११:१०

म्हणजे कर्नल बदलूनही अहवाल लालच राहणार? वा रे वा.

शेवग्याची शेंग, ११:११

सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं आणि शेत नातू कसतो, तसं.

पंचगंगा, ११:३८

भावा, आमच्या साखर कारखान्यातली गोष्ट सांगतो. गाळप हंगाम चालू असताना सर्व्हरला हात लावायचा नाही असा आमचा अलिखित नियम. ऊसवाहतूक रात्रंदिवस चालते, वजनकाट्यावर ट्रॅक्टर उभे असतात. पण एका जानेवारीत नव्या आलेल्या एका उत्साही पोरानं पहाटे ४ ला काट्याच्या मशीनवर कर्नल चढवून रीबूट मारला. मशीन दोन मिनिटांत उठलं. पोरगं खूश.

काट्यावर वजन शून्य.

काट्याचा इंडिकेटर सिरीयल केबलनं बोलतो. मशीनला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचे दोन कन्व्हर्टर लावलेले: एक काट्याचा, एक बाहेरच्या मोठ्या आकड्यांच्या पाटीचा. रीबूटनंतर दोघांनी नंबर बदलले, शून्याचा एक झाला आणि एकाचा शून्य. सॉफ्टवेअर बिचारं पाटीला विचारतंय, "वजन किती?" पाटी काय सांगणार? सकाळी सातपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग, खिडकीशी शेतकरी, आणि कर्नल परत जुना करूनही नंबर काय जागेवर येईनात. कारण कर्नलचा दोषच नव्हता. कोण आधी जागा होतो एवढाच खेळ होता.

शेवटी 'बाय-आयडी' नावानं बांधायला गेलो तर दोन्ही कन्व्हर्टर दोनशे रुपयांवाले, दोघांनाही स्वतःचा अनुक्रमांकच नाही. जुळी भावंडं. मग 'बाय-पाथ' नं, म्हणजे कुठल्या भोकात खुपसलंय त्यावरून बांधलं आणि भोकाशेजारी मार्करनं 'काटा' लिहिलं. ते अक्षर अजून आहे.

रूटचा_रामा, ११:४५

दंडवत. 'पाटीला विचारतंय वजन किती' वाचून चहा नाकातून आला.

टोकियोचा मावळा, बुधवार, पहाटे ३:५५

इकडे सकाळ झाली. @झणझणीत, जास्त अपटाइम म्हणजे तब्येत ठणठणीत, असं समजू नका. २.६.३२ कर्नलच्या जमान्यात एक बग होता: २०८ दिवस उलटले की घड्याळाचा हिशेब ओव्हरफ्लो व्हायचा आणि मशीन पॅनिक होऊन (म्हणजे कर्नलनं हात टेकून) पडू शकायचं. दोनाचा चोपन्नावा घात इतके नॅनोसेकंद, म्हणजे साधारण दोनशे साडेआठ दिवस. क्लस्टरमधली सगळी मशीनं एकाच दुपारी चालू केलेली असली, तर पडायची वेळही सगळ्यांची एकच. राखीव म्हणून ठेवलेलं मशीनही त्यांच्याबरोबर.

त्याआधी २.४ वर ४९७ दिवसांनी अपटाइमचा आकडाच शून्यावर यायचा. आमच्या एका सिनिअरनं ५०० ची पार्टी ठरवली होती. पार्टी झाली नाही.

पोस्टातले काका, सकाळी ७:२०

मी निवृत्त माणूस, पण १ जुलै २०१२ ची पहाट विसरणार नाही. रविवार होता. त्या दिवशी घड्याळात एक लीप सेकंद घातला होता, आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला आला. जावावाले आणि मायएसक्यूएलवाले सर्व्हर एकदम १०० टक्के सीपीयूवर. कुणी हल्ला केलाय असं वाटून आम्ही फायरवॉलमधून रस्ते बंद करत सुटलो. उपाय काय निघाला, तर 'डेट' कमांडनं जी वेळ आहे तीच वेळ पुन्हा लावायची! लावली आणि पंखे शांत झाले. तोपर्यंत आम्ही निम्मी मशीनं रीबूट करून मोकळे.

शेवग्याची शेंग, ७:४१

काका, बायकोनं विचारलं की उशीर का झाला, तर हे उत्तर चालेल. एक सेकंद जास्तीचा होता.

अवकाळी, ९:१५

रीबूट रीबूट काय लावलंय? लाइव्ह पॅच वापरा. एमआयटीतून निघालेलं केस्प्लाइस २०११ मध्ये ओरॅकलनं घेतलं, पुढे रेड हॅटनं केपॅच आणि सूझेनं केग्राफ्ट केलं, आणि २०१५ मध्ये कर्नल ४.० पासून त्याचा पाया मूळ कर्नलमध्येच आला. चालत्या मशीनवर दुरुस्ती, खिडकी (काम बंद ठेवायची वेळ) मागायला नको.

कुंदा_ताई, ९:४०

@अवकाळी, लाइव्ह पॅच मीही वापरते, पण ते रीबूट टाळत नाही, लांबवतं. डेटा स्ट्रक्चरच बदलणारी दुरुस्ती त्यात बसवणं अवघड असतं. शिवाय ज्या मशीनला ६११ दिवसांनी रीबूटची भीती वाटते त्यावर लाइव्ह पॅच लावला की ती भीती १२०० दिवसांची होते.

झणझणीत८५, १०:०५

ताई, मुद्दा मान्य नाही पण वाक्य आवडलं. बरं, डिसेंबर २०२३ मधलं डेबियनचं (तेही एक लिनक्स) काय? त्याच्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ ची फाइल सिस्टीमच खराब होण्याचा धोका निघाला, १२.३ ची आवृत्ती ऐन वेळी थांबवली आणि लगेच १२.४ काढावी लागली. ज्यानं त्या शनिवारी शहाण्यासारखं अपडेट मारलं त्यानं काय पाप केलं होतं?

टोकियोचा मावळा, १०:३०

पाप एवढंच की सगळ्या मशीनांवर एकदम मारलं. एकावर मारून दोन दिवस थांबायचं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं विंडोजची जगभर ८५ लाख मशीनं निळ्या पडद्यावर अडकली ती याचमुळे, सगळीकडे एकदम. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते.

रूटचा_रामा, १०:३२

आणि वार शुक्रवार होता, लक्षात असू द्या.

मिरचीचा ठेचा, दुपारी १:१८

आमच्याकडे मुहूर्त असा काढतात: महिनाअखेर नको, २० तारीख नको (जीएसटी), शुक्रवार नको, गणपतीत नको, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस नको, अमावास्या साहेबांना नको. उरतात वर्षातले चार दिवस. त्यात खंडेनवमीला रॅकला झेंडूचा हार घालतो तेव्हा एक मशीन हमखास बंद पडतं, कारण कोणीतरी हार पॉवरच्या केबलला अडकवतं.

बाराखडी, २:५०

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही. परत कसं यायचं?

मी मूळचा नेटवर्कवाला. आमच्याकडे सिस्कोच्या राउटरवर काही धोक्याचं करण्याआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवायची पद्धत. आपण स्वतःला बाहेर कोंडून घेतलं तर दहा मिनिटांत तो आपोआप उठतो आणि जुन्या कॉन्फिगवर येतो. तेच इथे करायचं.

ग्रबमध्ये (मशीन उठताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम) डीफॉल्ट जुनाच कर्नल ठेवा, 'सेव्ह्ड' करून. नवा फक्त एका वेळेसाठी: 'ग्रब२-रीबूट' नं. कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=३०' घाला. नवा उठताना पॅनिक झाला तर तीस सेकंदांनी स्वतः रीबूट होऊन जुन्यावर येईल. पण तो नीट उठला आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तेवढा आला नाही, तर पॅनिक होणार नाही, मशीन आत आनंदात बसेल आणि तुम्ही बाहेर. त्यासाठी सिस्टीमडीचा (लिनक्समधली सेवा चालवणारी यंत्रणा) छोटा टायमर: उठल्यावर १५ मिनिटांत मी अमुक फाइल तयार केली नाही तर रीबूट. आत शिरलात की फाइल बनवा, तपासा, मग नवा डीफॉल्ट करा.

एक मेख आहे. /बूट (कर्नल जिथे असतो तो भाग) सॉफ्टवेअर रेडवर किंवा एलव्हीएमवर (डिस्का जोडायच्या, वाटायच्या पद्धती) असेल तर 'एकदाच' ही नोंद ग्रबला पुसता येत नाही. मग तो दर वेळी नव्यावरच जातो. हे मला पहाटे तीनला कळलं.

कुंदा_ताई, ३:३०

+१. आणि लोखंडी मशीनचा रिमोट कन्सोल (दुरून त्याची स्क्रीन दाखवणारी सोय) आधी उघडून बघा. पासवर्ड चालतो का, ते आज बघा. रीबूटच्या रात्री बऱ्याचदा कळतं की तो पासवर्ड सोडून गेलेल्या माणसाकडे आहे. रॅम भरपूर असेल तर उठायला दहा मिनिटं लागतात, स्क्रीन काळी असते. त्या दहा मिनिटांत पॉवरचं बटण दाबू नका. मी एकदा दाबलं आहे.

अजून एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. आधी जुन्याच कर्नलवर रीबूट करा. काहीही न बदलता. ६११ दिवसांत त्या मशीनवर कुणी कुणी हातानं काय काय केलंय ते मेमरीत आहे, डिस्कवर नाही. कर्नल आणि रीबूट एकदम केलंत तर जे काही मोडेल त्याचं बिल कर्नलच्या नावावर फाटेल आणि तुम्ही चुकीच्या जागी रात्रभर खोदत बसाल. पंचगंगांच्या काट्यासारखं.

पंचगंगा, ३:४१

ताई, हे त्या पोराला आधी कुणी सांगितलं असतं तर त्याच्या रजा वाचल्या असत्या.

अवकाळी, ३:५८

दोनदा डाउनटाइम मागायचा? माझा साहेब एकदा देत नाही.

कुंदा_ताई, ४:०५

एकाच खिडकीत दोनदा रीबूट करायचं हो. साहेबाला एकदाच विचारायचं.

झणझणीत८५, ४:२०

हा मुद्दा मात्र मान्य. लिहून घेतला.

मिरचीचा ठेचा, ४:४४

अवांतर: रेड हॅट सातवरून आठवर जाणाऱ्यांनी सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंगांची) फाइल एकदा वाचा. कुठल्या तरी ब्लॉगवरून उचललेली 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल' ही ओळ आमच्याकडे सगळीकडे होती. ती ४.१२ पासून कर्नलमधून काढूनच टाकली आहे. कुणी टाकली होती, कशासाठी, कुणालाच माहीत नव्हतं. काढल्यावर काहीही फरक पडला नाही.

रूटचा_रामा, ५:१०

आमच्या आजोबांच्या सिसकंट्रोलमध्ये अशा ४० ओळी आहेत. वाचत नाही. वाईट वाटतं.

*(११ दिवसांनी)*

वाघोलीकर, रविवार, पहाटे ५:०५

मंडळी, झालं. म्हणजे बरंचसं झालं. झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

मालकांकडून शनिवारी रात्री १ ते ४ ची खिडकी मिळाली. एक व्हर्च्युअल मशीन बुधवारीच करून बघितलं होतं, दोन दिवस काही तक्रार नाही. काल ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी एकेकाला जुन्याच कर्नलवर रीबूट. सहा मशीनं नीट उठली. सातवं, ॲप्लिकेशनचं, उठलं पण बिल्टीचे पीडीएफ जिथे साठतात ते फोल्डर रिकामं! पोटात गोळा आला. मग कळलं की ते एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) आहे आणि माउंट, म्हणजे ती डिस्क जोडणं, कधीतरी हातानं केलेला, एफएसटॅबमध्ये (उठताना काय जोडायचं त्या यादीत) ओळच नाही. हिस्टरीत शोधलं तर कमांड मीच दिलेली.

आठवं, ज्यावरून ई-वे बिलाची माहिती बाहेर जाते ते. बाहेर जाईचना. फायरवॉलचा नियम 'पर्मनंट' न लावता दिलेला, रीबूटबरोबर गेला. तोही मीच. मागच्या पावसाळ्यात गोडाऊनमधून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दिला होता, 'उद्या नीट करू' म्हणून.

दोन्ही दुरुस्त करायला पावणेदोन तास गेले. तोवर कर्नलला हातही लावला नव्हता. नंतर नवा कर्नल आठ व्हर्च्युअलवर (नववं बुधवारीच झालेलं) आणि एका लोखंडीवर चढवला, बाराखडींचा टायमर लावून. टायमर एकदाही कामाला आला नाही. सगळं मिळून चाळीस मिनिटं. ५० हजारांच्या वरचा माल भरलेली पहिली गाडी ४:२० ला ई-वे बिलासकट सुटली, तेव्हा गोडाऊनच्या पोरानं नुसता अंगठा पाठवला.

पंचगंगा, सकाळी ७:१५

नाद खुळा! आता झोपा.

बाराखडी, ७:५०

टायमर काढलात ना? नाहीतर पुढच्या रीबूटला पंधरा मिनिटांनी मजा येईल.

वाघोलीकर, ७:५२

अरे देवा. काढतो.

कुंदा_ताई, ९:१०

छान केलंत. ऑडिटवाल्यांना चेंजलॉग पाठवा. आणि एक विचारते: ११ मधली १० झाली. डेटाबेसचं मशीन?

वाघोलीकर, ९:३०

ते राहिलं, ताई. जुन्या कर्नलवरही रीबूट केलं नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) आहे, ते नव्या कर्नलसाठी बनवायला घेतलं तर कम्पायलच होईना. त्यांच्या सपोर्टला तिकीट टाकलंय, "आम्ही तपासत आहोत" असं उत्तर आलंय. शिवाय त्याचा रिमोट कन्सोल उघडून बघितला. पासवर्ड चालत नाही.

रूटचा_रामा, ९:३३

म्हणजे अपटाइम आता किती?

वाघोलीकर, ९:३४

६२३.